पैलतीरावरचे सरकार

३ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोलीच्या जंगलातला एक रानटी हत्ती प्राणहिता ओलांडून तेलंगणात उतरला. चिंतलामानेपल्ली मंडलातल्या बुरेपल्लीच्या शिवारात त्याने एका शेतकऱ्याला मारले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेंचिकलपेट मंडलातल्या कोंडापल्लीत दुसऱ्याला. हा सगळा बेज्जूरच्या आसपासचा मुलूख. इथल्या लोकांना वाघ माहीत आहे, अस्वल माहीत आहे. हत्तीशी मात्र त्यांचा संबंध आला नव्हता. नदीपलीकडे गडचिरोलीत ओडिशा आणि छत्तीसगडमार्गे आलेला हत्तींचा कळप २०२१ च्या ऑक्टोबरपासून वावरत होता. कळप जवळ असल्यावर काय करायचे आणि काय टाळायचे, हे तिकडची गावे सोसून शिकत होती. ते शहाणपण नदी ओलांडून इकडे आले नाही. हत्ती तेवढा आला.

कॅनडाचे पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकारांपुढे अमेरिकेच्या शेजाराची तुलना हत्तीशेजारी झोपण्याशी केली होती. जनावर कितीही सालस असले तरी त्याचे प्रत्येक वळणे आणि हुंकारणे शेजाऱ्याला जाणवतेच, असा त्यांचा आशय होता. बलाढ्य शेजाऱ्याची गोष्ट निघाली की आपण अशीच देशादेशांची उदाहरणे देतो. परंतु हा अनुभव घेण्यासाठी देशाची सीमा लागत नाही. दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या नदीच्या काठावर तो पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो आहे आणि प्राणहितेचे दोन्ही काठ त्याचे साक्षीदार आहेत.

शेजारी बलाढ्य असतो तेव्हा नेमके काय खुपते? त्याची श्रीमंती, त्याची भाषा, त्याचे सैन्य? या काठांचा इतिहास आणि गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी पाहिल्या की उत्तर वेगळे मिळते. ज्या सरकारच्या निर्णयाने आपले शेत बुडते, त्या सरकारला आपण मत देऊ शकत नाही, त्याच्या आमदाराला अडवू शकत नाही, त्याच्या तहसीलदाराकडे अर्जही करू शकत नाही. या अस्वस्थतेचे मूळ तिथे आहे.

दोन काठ, एक मुलूख

कौटाला मंडलातल्या तुम्मिडीहट्टीजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीला प्राणहिता हे नाव मिळते. ती दक्षिणेकडे वाहत जाऊन सिरोंचा आणि काळेश्वरमच्या मध्ये गोदावरीला मिळते. तिच्या उजव्या हाताला तेलंगण, डाव्या हाताला महाराष्ट्र. बेज्जूर उजव्या काठाच्या जंगलपट्टीतले मंडल. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी चार जिल्हे झाले, तेव्हापासून ते कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. समोरच्या काठावर गडचिरोलीचा अहेरी तालुका आणि त्याच्या खाली सिरोंचा.

सीमारेषेने नकाशाचे दोन भाग केले असले तरी माणसांचे तसे भाग पडलेले नाहीत. बेज्जूर, कौटाला, सिरपूर, वांकिडी या पट्ट्यात आरे मराठा समाजाची मोठी वस्ती आहे. त्यांची घरातली बोली मराठी, शाळेतली भाषा तेलुगू. गोंड, कोलाम, नेतकानी, माळी आणि मन्नेवार ही मंडळी दोन्ही तीरांवर आहेत. उलट सिरोंच्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, बाजारात तेलुगू ऐकू येते. रोटीबेटीचे व्यवहार नदी ओलांडून होतात. अहेरीजवळच्या वांगेपल्लीला गुडेमशी जोडणारा पूल झाला, त्याआधी लग्नाची वऱ्हाडे, आजारी माणसे आणि आठवडी बाजाराची गाठोडी डोंग्यातूनच जात. तो प्रवास सुखाचा नव्हता. १ डिसेंबर २०१९ रोजी गुडेमजवळ नाव उलटून तेलंगणाच्या वनखात्याचे दोन कर्मचारी बुडाले.

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, भरला. १३ ते २४ तारखेपर्यंत तुम्मिडीहट्टी, अर्जुनगुट्टा आणि काळेश्वरम या तेलंगणाच्या घाटांवर आणि समोर सिरोंच्याच्या घाटावर भाविक एकाच पाण्यात उतरत होते. त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच नदीने दोन्ही काठांवरची गावे पाण्याखाली घेतली.

नदी जेव्हा खरोखरच देशाची सीमा होती

आज राज्यांची असलेली ही सीमा एकेकाळी दोन सत्तांची होती. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि अहेरीचा काठ कंपनी सरकारकडे गेला. समोरचा बेज्जूरचा काठ हैदराबादच्या निजामाचा. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या तीरावरचा आपला मुलूखही इंग्रजांना दिला. त्याच तहात धाराशिव आणि रायचूरचा दुआब त्याला परत मिळाला. सिरोंच्याच्या शेतकऱ्याचे आणि धाराशिवच्या शेतकऱ्याचे सरकार एका सहीने बदलले. त्यांना कोणी विचारल्याची नोंद नाही.

सिरोंचा मग 'अप्पर गोदावरी' नावाच्या जिल्ह्याचे ठाणे झाले. इंग्रज अभियंता सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेनुसार समुद्रापासून वर्ध्याच्या कापूसपट्ट्यापर्यंत बोटी चालवायच्या होत्या. त्यासाठी दुम्मुगुडेम, एंचमपल्ली आणि अहेरीजवळचे देवलमारी या तीन ठिकाणचे खडकाळ अडथळे ओलांडायचे होते. बराच पैसा खर्ची पडल्यावर १८७१ मध्ये ते काम सोडून देण्यात आले. या नदीचे काय करायचे हे दूरच्या राजधानीत ठरवण्याची रीत इतकी जुनी आहे.

तरीही शेजारच्या सत्तेची दुसरी बाजू इथल्या माणसाने पाहिली आहे. निजामी जंगलखात्याच्या आणि जमीनदारांच्या जाचाविरुद्ध उभा राहिलेला गोंड नेता कोमरम भीम तरुणपणी इंग्रजी मुलखात चांद्याकडे (आजच्या चंद्रपूरकडे) निघून गेला आणि पुढे आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचला, असे त्याच्या चरित्रांत नोंदलेले आहे. तिथे पाहिलेले जग घेऊन तो परतला आणि केरामेरीच्या डोंगरातल्या जोडेघाटला १९४० मध्ये लढताना मारला गेला. निजामाविरुद्धच्या अखेरच्या लढ्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसची सीमेवरची एक छावणी चांद्याला होती. नंतर पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या छावणीत काम करत होते. सीमा तेव्हा आसरा होती. एका राजाचा शिपाई जिथे थांबे, तिथून दुसऱ्याची हद्द सुरू होई आणि पळून आलेल्या माणसाला श्वास घ्यायला जागा मिळे.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्यातला राजुरा तालुका आणि किनवट-इस्लापूरचा भाग मात्र मराठी मुलखाला जोडला गेला. बेज्जूरच्या आरे मराठ्यांची मराठी त्या दिवसापासून अल्पसंख्याकांची भाषा झाली. आणि एका देशातल्या दोन राज्यांच्या सीमेवर एक नवी अडचण उभी राहिली. परका राजा असताना त्याच्याशी लढता येत होते. आता दोन्ही सरकारे आपलीच, मग भांडायचे कोणाशी?

मेडिगड्डा

या प्रश्नाने सर्वांत तीव्र रूप घेतले ते बेज्जूरच्या खाली, नदीच्या मुखापाशी. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले ते पाण्याच्या आकांक्षेवर. त्या आकांक्षेत काहीही गैर नव्हते. मेहबूबनगरपासून आदिलाबादपर्यंत कोरड्या पडलेल्या विहिरी, कर्ज आणि स्थलांतर हा तिथल्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. नव्या सरकारने जुन्या प्राणहिता-चेवेल्ला योजनेची फेररचना केली आणि गोदावरीवर मेडिगड्डा येथे बंधारा बांधून पाणी उलट दिशेने वर चढवायचे ठरवले. काळेश्वरम प्रकल्प तो हाच. १८ लाख २५ हजार एकर नवे सिंचन त्यात योजलेले होते.

बंधाऱ्याचे एक टोक तेलंगणाच्या जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यात आहे, दुसरे सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीला टेकते. म्हणून महाराष्ट्राची संमती लागली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव या दोन मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत करार झाला. मेडिगड्डाची पूर्ण जलपातळी १०० मीटर, तुम्मिडीहट्टीची १४८ मीटर ठरली. २१ जून २०१९ रोजी मेडिगड्डाचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे १.६३ किलोमीटर, दरवाजे ८५, साठा १६.१७ टीएमसी (अब्ज घनफूट).

सिंचनाचे सगळे एकर नदीच्या उजव्या बाजूला गेले. डाव्या बाजूला आले बॅकवॉटर. पेंटिपाका, तुमनूर, मुगापूर अशा गावांतल्या शेतकऱ्यांची तक्रार सरळ होती. दरवाजे बंद असले की पाणी शेतात चढते, दरवाजे एकदम उघडले की खालची शेते वाहून जातात, आणि मोबदला मिळतो तो कागदावर ठरलेल्या बुडिताचाच. ज्या जमिनी मोजणीत बुडित नव्हत्या, त्या प्रत्यक्षात बुडत होत्या. त्यांचे भूसंपादन कोणी करायचे? प्रकल्प तेलंगणाचा, जमीन महाराष्ट्राची, पैसा हैदराबादहून यायचा, प्रस्ताव गडचिरोलीतून जायचा. दोन राज्यांच्या फायली एकमेकींची वाट पाहत राहिल्या.

जुलै २०२२ मध्ये गोदावरीला महापूर आला. भद्राचलमला धोक्याची तिसरी खूण ५३ फुटांवर आहे. १६ जुलैला पाणी ७१ फुटांच्या वर गेले. प्रकल्पाचे कन्नेपल्लीचे पंपगृह बुडाले. सिरोंच्याची कित्येक गावे रिकामी करावी लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बारा गावांचे शेतकरी भूसंपादनाच्या मागणीसाठी सिरोंच्यात उपोषणाला बसले. ते बसले महाराष्ट्राच्या कार्यालयासमोर, कारण त्यांच्या आवाक्यात तेवढेच कार्यालय होते. धरणाच्या दरवाजांची किल्ली ज्यांच्याकडे होती, त्यांच्यासमोर बसायला त्यांना परराज्यात जावे लागले असते आणि तिथे त्यांची मतदार म्हणून किंमत शून्य होती.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी मेडिगड्डाच्या सातव्या भागातले खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने नियोजन, संकल्पन, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या सर्वांतच दोष दाखवले. न्यायमूर्ती पी. सी. घोष यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२५ अखेर अहवाल दिला. तेलंगणात त्यावरून मोठे राजकारण झाले आणि ते स्वाभाविक आहे; त्यांच्या करदात्यांचा पैसा होता. पण त्या सगळ्या वादात पोचमपल्ली आणि पेंटिपाका हे शब्द किती वेळा आले? बंधारा उभा राहिला तेव्हा ही गावे हिशेबात नव्हती आणि बंधारा खचला तेव्हाही नव्हती. बलवानाच्या चुकीचीही किंमत शेजाऱ्याला भरावी लागते आणि त्या चुकीच्या चौकशीत त्याला साक्षीला कोणी बोलावत नाही.

बेज्जूरच्या काठावरून पाहिले तर

इथवर वाचून मराठी वाचकाच्या मनात तेलंगण बलाढ्य आणि महाराष्ट्र बिचारा असे चित्र तयार झाले असेल, तर नदीच्या वरच्या अंगाला जायला हवे. बेज्जूरच्या तलाई, सोमिनीसारख्या नदीकाठच्या गावांसाठी बलाढ्य शेजारी महाराष्ट्र आहे.

वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्याला ३३ दरवाजे आहेत. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस ते सगळे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडाला. ते पाणी महाराष्ट्राच्या हद्दीत संपत नाही. ते वर्धेच्या पाण्याला मिळून प्राणहितेत येते आणि कापूस फुलोऱ्याच्या बेतात असताना बेज्जूर-कौटाल्याच्या काठच्या शेतात पसरते. नदी फुगली की तिला मिळणारे वागू, म्हणजे ओढे, उलटे तुंबतात. मुख्य नदीपासून आत असलेल्या गावांचेही रस्ते तुटतात. तलाईच्या शेतकऱ्याने गोसीखुर्दच्या अभियंत्याला विचारायचे तरी कसे? त्याची तहसील बेज्जूरला, त्याचे जिल्हाधिकारी आसिफाबादला, त्याचे मंत्री हैदराबादला. पाणी सोडायचा हुकूम विदर्भात निघतो.

तुम्मिडीहट्टीचेही तसेच. प्राणहिता-चेवेल्ला योजनेत तिथे १५२ मीटर जलपातळीचा बंधारा योजला होता आणि त्यातून १६० टीएमसी पाणी वळवायचे होते. महाराष्ट्राने बुडिताच्या कारणावरून हरकत घेतली, कारण गडचिरोलीची गावे आणि चपराळा अभयारण्याचा भाग पाण्याखाली जात होता. ती हरकत रास्त होती. पण योजना खाली मेडिगड्डाला सरकली आणि प्राणहितेच्या अगदी काठावर असलेला बेज्जूर-सिरपूरचा पट्टा पाण्याची वाट पाहत राहिला. २०२३ च्या डिसेंबरात आलेल्या काँग्रेस सरकारने तुम्मिडीहट्टी पुन्हा चर्चेत आणली आहे. उंची किती, बुडित किती, मोबदला किती, ही बोलणी पुन्हा दोन राजधान्यांत होतील. काठावरच्या ग्रामसभांना त्या बोलण्यांत अजून जागा नाही.

नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची गोष्ट याच दोन शेजाऱ्यांची, पण भूमिका उलट. महाराष्ट्राने २.७४ टीएमसीचा बंधारा बांधला, तो खालच्या पोचमपाड धरणाच्या फुगवट्यात. आपले पाणी वरचा शेजारी अडवणार, ही भीती तेलंगणाच्या निझामाबाद-करीमनगर भागात पसरली. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांसह बाभळीकडे निघाले, तेव्हा त्यांना धर्माबादला स्थानबद्ध करण्यात आले. मराठी वर्तमानपत्रांत तेव्हा तो राजकीय तमाशा ठरला. आता मेडिगड्डानंतर मागे वळून पाहिले तर निझामाबादच्या शेतकऱ्याची भीती आणि सिरोंच्याच्या शेतकऱ्याची भीती सारखीच दिसते. शेजारच्या सरकारने पाण्याला हात घातला की पोटात गोळा येतो, मग त्या शेजाऱ्याचे नाव काहीही असो.

कृष्णेवर आपण तेच भोगले. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगली बुडाली तेव्हा अलमट्टीच्या फुगवट्याचा प्रश्न पुन्हा पेटला. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या बेताला महाराष्ट्राचा विरोध आहे. शिरोळच्या शेतकऱ्याला कर्नाटक जसे वाटते, तसे तलाईच्या शेतकऱ्याला महाराष्ट्र वाटते, हे आपण मान्य केले तर शिरोळसाठी आपण जे मागतो त्याला अधिक वजन येईल.

देशांच्या सीमेवर

देशादेशांमध्येही हाच प्रकार मोठ्या आकारात चालतो. २५ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात कोसी करार झाला. बंधारा नेपाळच्या भूमीवर उभा राहिला, त्याचे ५६ दरवाजे चालवतो बिहारचा जलसंपदा विभाग. दर पावसाळ्यात नेपाळच्या तराईत लोक त्या दरवाजांकडे डोळे लावून बसतात. १८ ऑगस्ट २००८ रोजी कुसहाजवळ नेपाळच्या हद्दीत बांध फुटला आणि दोन्ही देशांतली लाखो माणसे बेघर झाली. गंगेवरचा फरक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मौलाना भाशानी यांनी बांगलादेशात त्याविरुद्ध लाँग मार्च काढला. पाण्याच्या वाटपाचा करार व्हायला डिसेंबर १९९६ उजाडला आणि त्याची मुदत तीस वर्षांची.

काठमांडू आणि ढाका यांच्या मनात भारताविषयी जी धास्ती आहे, ती भारताच्या मनात चीनविषयी आहे. तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपोच्या मोठ्या वळणावर चीनने जुलै २०२५ मध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केल्याचे जाहीर केले, तेव्हा अरुणाचल आणि आसामात काळजी पसरली. पाणी कधी सुटेल, किती सुटेल, कळवले जाईल का? हे तिन्ही प्रश्न शब्दशः तुमनूरचे आहेत, तलाईचेही आहेत. बीजिंगकडून पाण्याची माहिती मागताना भारताची बाजू न्यायाची आहे. देशाच्या आत एका जिल्ह्याने दुसऱ्याला ती माहिती वेळेवर दिली, तर त्या मागणीला घरचा दाखलाही मिळेल.

ओढही आहे

बलाढ्य शेजाऱ्याची फक्त भीती वाटते असे म्हणणे अर्धे सत्य झाले. त्याची ओढही असते. तेलंगणाने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज दिली. त्याच वर्षी मे महिन्यात रयतु बंधू योजना सुरू झाली, सुरुवातीला हंगामाला एकरी चार हजार रुपये. नांदेडच्या धर्माबाद भागातल्या सीमेवरच्या गावांनी लगेच आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. ही मागणी मराठी अस्मितेविरुद्धची नव्हती. बांधापलीकडच्या शेतात मोटार रात्रंदिवस चालते आणि आपल्या शेतात भारनियमन, हे रोज पाहावे लागत होते. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी चंद्रशेखर रावांच्या पक्षाने महाराष्ट्रातली पहिली मोठी सभा घेतली ती नांदेडलाच. सिरोंच्याहून मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास आणि वरंगळ काही तासांवर. गंभीर रुग्ण घेऊन निघालेली गाडी कुठे वळणार, हे वेगळे सांगायला नको.

उलट दिशेचे उदाहरण दारूचे. गडचिरोली जिल्ह्यात लोकलढ्यातून १९९३ मध्ये दारूबंदी आली. तेलंगणात दारू उघड विकली जाते आणि तिच्यातून सरकारला मोठा महसूल मिळतो. पूल झाले, तशी औषधोपचाराची वाट सोपी झाली आणि दारूचीही. एका काठाने लढून मिळवलेला नियम दुसऱ्या काठाच्या दुकानामुळे रोज पोखरला जातो. त्या दुकानावर अहेरीच्या बायकांचा काही अधिकार चालत नाही.

बेज्जूरच्या पश्चिमेला, त्याच आसिफाबाद जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ही गुंतागुंत आणखी वाढते. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, भोलापठार, महाराजगुडा, लेंडीगुडा अशी चौदा गावे महाराष्ट्राच्या जिवती तालुक्यात मोजली जातात आणि तेलंगणाच्या केरामेरी मंडलातही. इथली वस्ती बहुतेक मराठी बोलणारी, मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली. १९५६ च्या पुनर्रचनेत राजुरा इकडे आला, पण या डोंगरांतली हद्द कधी नीट निकालात निघाली नाही. परिणामी दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे. बाहेरून हे भाग्य वाटते. पण जमिनीच्या हक्काचा पक्का कागद हा त्यांचा जुना, न सुटलेला प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे पूर्णपणे आपल्यात घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले. त्यावर तेलंगणाला काय वाटते याची चर्चा झाली. गावांना काय हवे, हे मोजून विचारायचे काम अजून बाकी आहे.

सिरोंच्याच्या बारा गावांवर एका सरकारचा परिणाम होतो आणि त्या सरकारात त्यांना मत नाही. जिवतीच्या चौदा गावांना दोन सरकारांत मत आहे आणि जबाबदारी घ्यायला एकही नाही. दोन्ही ठिकाणी तुटलेला धागा तोच आहे: निर्णय घेणारा आणि निर्णय सोसणारा यांच्यामधला.

मग करायचे काय

हा धागा जोडता येतो, याचा एक नमुना याच खोऱ्यात आहे. बाभळीच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतील, दर १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल आणि त्यावर तीन सदस्यांची समिती देखरेख करेल. या व्यवस्थेवर दोन्ही बाजू पूर्ण समाधानी नाहीत. तरी एक गोष्ट साधली. दोन्ही राज्यांचे अधिकारी दर १ जुलैला बाभळीवर हजर असतात आणि दरवाजे त्यांच्या समक्ष उचलले जातात. धर्माबादच्या आणि निझामाबादच्या शेतकऱ्याला तारीख माहीत असते. कॅलेंडरवर लिहिलेल्या तारखेने शेजाऱ्याच्या लहरीला लगाम घातला.

प्राणहितेसाठीही असा लिखित नियम हवा. गोसीखुर्दचे किंवा मेडिगड्डाचे दरवाजे उघडण्याआधी किती तास, कोणत्या गावाला, कोणत्या भाषेत सूचना जाईल, हे त्यात असले पाहिजे. इथे सूचना मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत द्यावी लागेल. जंगलातल्या हत्तीची किंवा वाघाची खबरही त्याच वाटेने नदी ओलांडून गेली पाहिजे. २०१६ च्या करारासाठी आंतरराज्य मंडळ नेमले गेले. त्या मंडळावर मंत्री आणि सचिव आहेत, तसे दोन्ही काठांवरच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी का नसावेत? या पट्ट्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करणे १९९६ च्या पेसा कायद्याने बंधनकारक केले आहे. प्रकल्प शेजारच्या राज्याचा आहे म्हणून ते बंधन सैल होत नाही. आणि तुम्मिडीहट्टीच्या नव्या बोलण्यांत पहिली अट ही हवी की प्रत्यक्ष बुडणारी जमीन दर वर्षी मोजली जाईल आणि तिचा मोबदला ठरलेल्या मुदतीत, जमीन कोणत्याही राज्याची असो, प्रकल्पाच्या खात्यातून थेट शेतकऱ्याला मिळेल.

महाराष्ट्राकडे यातली अर्धी किल्ली आहे. सिरोंच्यासाठी हैदराबादकडून जे मागायचे, ते बेज्जूरसाठी आपण आधी द्यावे. गोसीखुर्दच्या विसर्गाची सूचना आसिफाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांबरोबरच तलाई आणि सोमिनीच्या ग्रामपंचायतीला थेट पाठवायला कोणताही नवा कायदा लागत नाही, लागतो तो एक शासन निर्णय आणि एक जबाबदार अभियंता. हा शासन निर्णय येत्या पावसाळ्याआधी निघू शकतो. महाराष्ट्राने तो काढला, तर पुढच्या बैठकीत तेलंगणासमोर बसताना आपल्या हातात करारापेक्षा मोठे काहीतरी असेल: आपण स्वतः पाळलेला नियम.